नवीन ग्राफिक्स कार्ड टाकल्यापासून पीसी सुरू व्हायला दोन मिनिटं लागतायत, नक्की अडतंय कुठे?

तुम्ही जे लिहिलंय त्यातलं कामाचं तेवढं आधी मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आय५ ८४००, बी३६० चा बोर्ड, १६ जीबी रॅम, २०१८ मध्ये असेंबल केलेला पीसी. आधी नुसती १ टीबीची हार्ड डिस्क होती, नंतर २४० जीबीचा साटा (केबलने बोर्डाला जोडायचा) एसएसडी टाकून त्यावर विंडोज १० घातलं. इतकी वर्षं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच चाललं, आता दुकानातून आरएक्स ६६०० बसवून आणलं आणि तेव्हापासून वीस सेकंदात उघडणारा पीसी पावणेदोन-दोन मिनिटं घेतोय, त्यातलं पहिलं पाऊण मिनिट तर स्क्रीन काळीकुट्ट. दुकानदार म्हणतो एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदला, मित्र म्हणतो फॉरमॅट मार.

दोन्ही करू नका, निदान आज तरी.

माझं सांगलीत रिपेरिंगचं दुकान आहे, वीसेक वर्षं हेच चाललंय, आणि "कार्ड टाकलं आणि पीसी स्लो झाला" ही तक्रार घेऊन आलेल्या मशीनमध्ये खुद्द कार्ड खराब निघालंय असं फार क्वचित झालंय. कार्ड बसवायला कॅबिनेट उघडलं जातं, आत हात जातो, केबली सरकतात, डिस्प्ले येत नाही म्हणून कोणीतरी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) जाऊन दोन-तीन सेटिंग फिरवतं, मग वरून ड्रायव्हर पडतो. दोष बहुतेक वेळा ह्या सगळ्यात असतो. कार्ड बिचारं नवीन आलेल्या सुनेसारखं, घरात काहीही बिघडलं की तिच्याच नावावर.

पहिलं काम, मोबाईल समोर ठेवा आणि व्हिडिओ काढा. हसू नका, माझ्याकडे ह्याच्यापेक्षा भारी यंत्र नाहीये. पॉवर बटण दाबल्यापासून डेस्कटॉपवर माऊस नीट फिरायला लागेपर्यंत सलग शूट करा, मॉनिटर आणि कॅबिनेट दोन्ही फ्रेममध्ये येऊ द्या, मग शांतपणे बघत तीन आकडे कागदावर लिहा. बटणापासून बोर्डचा लोगो येईपर्यंत किती सेकंद, लोगोपासून लॉक स्क्रीनपर्यंत किती (ते गोल फिरणारे ठिपके ह्यातच आले), आणि पासवर्ड टाकल्यापासून मशीन हाताला येईपर्यंत किती. पहिला आकडा बोर्ड आणि बायोसचा, तिथे विंडोजचा काही संबंधच नाही, म्हणजे तो मोठा असेल तर दहा वेळा फॉरमॅट मारलं तरी एक सेकंद कमी होणार नाही. दुसरा ड्रायव्हर आणि डिस्कचा. तिसरा तुम्ही स्वतः भरून ठेवलेल्या सॉफ्टवेअरचा. लोक ह्या तिन्हीची भेळ करतात आणि मग कोणी काहीही उपाय सांगतं.

ह्याच्या जोडीला विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअपच्या टॅबवर जा, वर उजव्या कोपऱ्यात "लास्ट बायोस टाइम" म्हणून सेकंदांचा आकडा असतो. बोर्डाने विंडोजच्या हातात मशीन द्यायला किती वेळ घेतला तो हा. दहा-पंधराच्या आसपास असेल तर मी त्याच्या वाटेला जात नाही, तीस-चाळीस दिसला तर घोळ बायोसच्या बाजूला. आणि तिथे आकडाच नसेल तर तीही एक खूणच समजा, बहुतेक तुमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बूट होतंय. तुमच्या केसमध्ये मला हाच संशय आहे, त्यावर खाली सविस्तर येतो.

त्याआधी काळ्या स्क्रीनबद्दल. स्क्रीन काळी आहे म्हणजे पीसी अडकलाय असं धरू नका. मागे एक कॉलेजचा मुलगा मशीन घेऊन आला, म्हणाला काका एक मिनिट काही येतच नाही. मी त्याच्या कीबोर्डवर दहाव्या सेकंदाला नम लॉक दाबलं, दिवा लागला, परत दाबलं, विझला. म्हणजे मशीन जागं होतं, व्यवस्थित पुढे चाललेलं होतं, चित्र तेवढं येत नव्हतं. झालं होतं असं की आधी मॉनिटर एचडीएमआयवर होता, नव्या कार्डाला त्याने डिस्प्लेपोर्टची केबल लावली, आणि मॉनिटर आपला ऑटो इनपुटवर, पहिला एचडीएमआय शोध, मग दुसरा शोध, मग डिस्प्लेपोर्ट, मधेच सिग्नल नाही म्हणून झोप. मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट डिस्प्लेपोर्टवर फिक्स केलं आणि त्याचा "स्लो पीसी" दोन मिनिटांत बरा झाला, पैसे घ्यायची लाज वाटली म्हणून चहावर भागवलं. तुम्हीही हे नम लॉकचं करून बघा. दिवा लगेच ऐकत असेल तर मॉनिटर, केबल, इनपुट हे आधी तपासा, केबल कार्डालाच लावलीय ना (बोर्डाला नाही) तेही बघा, आणि जमलं तर एकदा दुसरी केबल आणि दुसरा मॉनिटर किंवा घरचा टीव्ही लावा. दिवा ढिम्म हलत नसेल तर बोर्ड खरंच कशाची तरी वाट बघत बसलाय.

जाता जाता, कोणाकडे एनव्हिडियाचं ९०० किंवा १००० सिरीजचं जुनं कार्ड असेल आणि डिस्प्लेपोर्टवर विंडोज येईपर्यंत स्क्रीन काळीच राहत असेल, तर त्याला कंपनीने २०१८ मध्ये वेगळं फर्मवेअर अपडेटचं टूल काढलंय, ते चालवा. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

अजून एक, कार्ड बसवून किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाही. कालच आणलं असेल तर थोडा धीर धरा. नवीन हार्डवेअर दिसलं की बोर्ड पहिल्या एक-दोन वेळा सगळी तपासणी सावकाश करतो, विंडोजही नवीन ड्रायव्हर जागेवर लावत असतं, मागून विंडोज अपडेट आपलाच एखादा जुना ड्रायव्हर ढकलत असतं. पहिले तीन-चार बूट मी मोजतच नाही. आणि ज्यांच्याकडे एएमडीचं एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅम आहे त्यांनी तर बायोस रीसेट झाल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं काळी स्क्रीन दिसली म्हणून घाबरून बटण दाबून बंद करू नये, ती रॅमची ट्रेनिंग चाललेली असते, मधे तोडली की परत पहिल्यापासून. तुमची डीडीआर४ आहे, तुम्हाला हे कारण लागू नाही.

आणि शट डाऊन करून चालू केलं तर किती वेळ आणि रीस्टार्ट केलं तर किती, हे दोन्ही वेगवेगळं मोजा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची गंमत आहे, शट डाऊन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपला गाभा डिस्कवर एका फाईलमध्ये लिहून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. खरं वाटत नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जाऊन अप टाइम बघा, रोज रात्री बंद करणाऱ्या माणसाचाही तिथे अकरा दिवस, पंधरा दिवस असला आकडा दिसतो. आता कार्ड बदललं, ड्रायव्हर बदलला, आणि उचलला जातोय तो अशा अर्धवट झोपेतला गाभा, कधीकधी तिथेच गाडी अडखळते. शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक केलं की त्या वेळेपुरतं खरंखुरं पूर्ण बंद होतं. तसं करून दुसऱ्या दिवशी मोजा. त्याने फरक पडला तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये "चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू" मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाका, एसएसडीवर त्याच्याशिवाय फार काही अडत नाही. मी स्वतः माझ्या मशीनवर ते बंदच ठेवतो.

आता मुख्य गोष्ट, पहिला आकडा मोठा आला तर.

कॅबिनेटचं साईडचं झाकण काढा (मेन स्विच बंद करून, वायर काढून) आणि टॉर्च मारून कार्डाचं मागचं टोक कुठे येतंय ते बघा. मी ह्याच गोष्टीवर जास्त वेळ का घालवतोय तर लोक हीच बघत नाहीत. आजकालची दोन पंख्यांची, तीन पंख्यांची कार्डं लांब असतात आणि बऱ्याच बोर्डांवर साटाची पोर्टं अगदी त्याच रेषेत, बोर्डाच्या उजव्या कडेला असतात. कार्ड आत सरकवताना त्याचं टोक साटा केबलच्या डोक्यावर दाबतं. केबल निघत नाही, निघाली असती तर बरं झालं असतं, लगेच कळलं असतं. ती नुसती तिरकी होते, एका बाजूने बसलेली, एका बाजूने केसभर वर उचललेली. मग बोर्ड त्या डिस्कला हाक मारतो, डिस्क अर्धवट उत्तर देते, बोर्ड परत हाक मारतो, असं करत तीस-चाळीस सेकंद जातात, शेवटी कसंबसं जमतं आणि लोगो येतो. गेल्या दिवाळीच्या आसपास एक मशीन आलं होतं, मालक दोन दुकानं फिरून एसएमपीएस बदलून आलेला, साडेचार हजार घालवून. मी ती लाल केबल बोटाने नुसती दाबली, टक् असा बारीक आवाज आला, पीसी अठरा सेकंदात उघडला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

तुमच्याकडे तर एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही साटावर, म्हणजे दोन केबली, दोन संधी. दोन्ही काढून परत बसवा, डिस्कच्या बाजूनेही आणि बोर्डाच्या बाजूनेही, जमलं तर काटकोनात वळलेल्या तोंडाची, क्लिप असलेली केबल शंभर-दीडशे रुपयांत मिळते ती घ्या आणि कार्डाच्या टोकाखाली न येणाऱ्या पोर्टात लावा. खात्री करायची असेल तर क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा, यादीत सीआरसी एरर काउंट अशी ओळ असते (डिस्कच्या यादीत १९९ नंबरची, सॉफ्टवेअरमध्ये सी७ असं दिसतं). आकडा बारा आहे का बाराशे ह्याने फार फरक पडत नाही कारण तो कधी मागे येत नाही, जुना साठलेलाही असतो, पण आज बघून ठेवा आणि चार दिवसांनी बघा, वाढत असेल तर केबल किंवा तिची बैठक वाईट, डिस्क मरायला टेकलीय असं लगेच धरू नका. आणि हार्ड डिस्क महत्त्वाची नसेल तर सगळ्यात झटपट टेस्ट म्हणजे तिची केबल काढून ठेवा आणि नुसत्या एसएसडीवर चालू करून बघा. वेळ झपकन कमी झाला तर चोर सापडला. पण नुसत्या एसएसडीवर पीसी उघडलाच नाही, बूट डिव्हाइस नाही म्हणाला, तर घाबरू नका, त्याचा अर्थ वेगळाच आहे, तोही सांगतो.

तुमच्यासारखा ज्यांनी नंतर एसएसडी टाकला आणि विंडोज घालताना जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच ठेवली, त्यांच्यात हे सर्रास असतं. विंडोज एसएसडीवर बसतं पण बूट करायचा छोटा भाग जुन्या हार्ड डिस्कवरच राहतो. म्हणजे रोज सकाळी पीसी आधी म्हाताऱ्या हार्ड डिस्कला उठवतो, तिच्याकडून पत्ता घेतो, मग एसएसडीकडे जातो. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ज्या पार्टिशनवर "सिस्टिम" लिहिलंय ते डिस्क ० वर आहे का डिस्क १ वर ते बघा, आणि सी ड्राइव्ह ज्या डिस्कवर आहे त्याच डिस्कवर ते आहे का ते जुळवून बघा.

केबलींचं झालं की बायोस. डिलीट दाबत आत जा. पहिल्यांदा बूट ऑर्डर बघा, कार्ड बसवताना बायोस रीसेट झालं असेल तर कधीकधी नेटवर्कवरून बूट सगळ्यात वर येऊन बसतं, स्क्रीनवर "स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४" असं काहीतरी क्षणभर चमकून जातं, ते दिसलं तर हेच. लॅनवरून बूट बंद करा, विंडोजवाली डिस्क वर घ्या. फास्ट बूट नावाची सेटिंग बंद झाली असेल तर परत चालू करा (हे बायोसमधलं, वरचं फास्ट स्टार्टअप विंडोजमधलं, नावं सारखी असल्याने सगळे गोंधळतात). प्रायमरी डिस्प्ले किंवा तत्सम नावाची सेटिंग ऑटोवर असेल तर पीईजी किंवा पीसीआय एक्स्प्रेसवर टाका, म्हणजे बोर्ड आतलं ग्राफिक्स का बाहेरचं ह्याच्यात चाचपडणार नाही. काही बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा चार बारक्या एलईडी असतात, चालू होताना त्या एकामागून एक लागून विझतात, जी जास्त वेळ लागून राहते तिथे बोर्ड थांबलाय. व्हीजीएवर रेंगाळत असेल तर कार्ड काढून परत बसवा, मागच्या टोकाची खिट्टी टक् वाजली पाहिजे, आणि ८ पिनचं पॉवर कनेक्टर पूर्ण आत गेलं पाहिजे, ६ आणि २ असं दोन तुकड्यांचं असेल तर दोन्ही एकत्र. बूटवर रेंगाळत असेल तर परत डिस्क, केबल, बूट ऑर्डर. खोडरबरने कार्डाचे सोनेरी पाय घासायचा आपला राष्ट्रीय उपाय आहे, पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या मशीनला मीही तो करतो, पण नव्याकोऱ्या कार्डाला त्याची गरज नसते.

आता सीएसएम. मला तुमच्याकडे केबलनंतर दुसरा संशय ह्याचाच आहे. २०१८ च्या आसपास आपल्याकडे असेंबल करून देणारे बहुतेक जण एकच पेनड्राइव्ह सगळीकडे वापरायचे, तो लेगसी पद्धतीचा, डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी मांडणी), बायोसमध्ये सीएसएम चालू. सीएसएम म्हणजे नवीन यूईएफआय (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) बोर्डाने जुन्या काळच्या बायोसचं सोंग घ्यायचं. ह्या सोंगात बोर्ड जुन्या पद्धतीने कार्डाची रॉम उचलतो, जुन्या पद्धतीने डिस्का शोधतो, आणि वेळ जातो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर ते खपून गेलं, नवीन कार्ड आल्यावर अंगावर येतं. आणि डिस्प्ले येईना म्हटल्यावर सीएसएम चालू करणं हा दुकानदारांचा पहिला हातखंडा, त्यामुळे आधी बंद असलेलं त्यांनी चालू केलंय असंही होऊ शकतं.

ओळखायचं कसं तर स्टार्टमध्ये "सिस्टिम इन्फर्मेशन" शोधा, त्यात बायोस मोड अशी ओळ आहे, समोर लेगसी लिहिलंय का यूईएफआय ते बघा. यूईएफआय असेल आणि बायोसमध्ये सीएसएम उगाच चालू असेल तर सरळ बंद करून टाका. लेगसी असेल तर नुसतं सीएसएम बंद करू नका, विंडोज उघडणारच नाही (उघडलं नाही तर घाबरायचं नाही, परत चालू केलं की पूर्ववत होतं). आधी डिस्क एमबीआरची जीपीटी (नवी मांडणी) करावी लागते. त्यासाठी फॉरमॅट लागत नाही, विंडोज १० मध्ये २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टचंच टूल आत आहे, नाव एमबीआर२जीपीटी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हे नाव, मग स्लॅश व्हॅलिडेट, मग स्लॅश अलाउ-फुल-ओएस (मधे रेघ न देता जोडून) असं आधी चालवा, हे फक्त तपासतं, काही बदलत नाही. पास झालं तरच व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट टाकून परत चालवा, मग रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा आणि सीएसएम बंद करा. फेल झालं तर दोन कारणं नेहमीची, एक म्हणजे त्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त आहेत किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन आहे, आणि दुसरं म्हणजे वर सांगितलं ते, बूटचा भाग दुसऱ्याच डिस्कवर आहे. दुसरं कारण असेल तर मात्र मी सुद्धा डेटा बाजूला काढून, हार्ड डिस्कची केबल काढून ठेवून, एसएसडीवर विंडोज यूईएफआय पद्धतीने नव्याने घालतो. तेवढ्या एका केसमध्ये तुमचा मित्र बरोबर.

हे करायच्या आधी दोन गोष्टी. महत्त्वाचा डेटा बाहेर काढून ठेवा, टूल चांगलं आहे पण लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, असेल तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा आणि ते तात्पुरतं सस्पेंड करा, नाहीतर बायोसमध्ये बदल केला की पुढच्या बूटला ४८ आकड्यांची की मागत निळी स्क्रीन उभी राहते आणि मग लोक माझ्याकडे रडत येतात. लॅपटॉपवाल्यांनी तर नक्कीच.

सीएसएम बंद झालं की एक फायदा फुकटात. अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रीसायझेबल बार ह्या सेटिंग (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या) चालू करता येतात, तुमच्या आरएक्स ६६०० ला काही गेममध्ये त्याने बरा फरक पडतो. बी३६० च्या काही बोर्डांना कंपन्यांनी नंतर बायोस अपडेट देऊन ही सोय दिली, तुमच्या मॉडेलच्या पानावर बघा. बायोस अपडेट करताना यूपीएस लागलेला पाहिजे, ह्यात तडजोड नाही. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तुमचा ८व्या पिढीचा प्रोसेसर ११ ला चालतो, पण त्याला यूईएफआय लागतंच, म्हणजे हे काम आज ना उद्या करायचंच होतं.

इथे सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांसाठी एक आडवळण. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम ह्या डिजिटल चलनाचं मायनिंग (कार्डं चालवून चलन कमावणं) बंद झालं आणि बाजारात वापरलेल्या आरएक्स ५७०, ५८० चा पूर आला. त्यातल्या बऱ्याच कार्डांची बायोस मायनिंगसाठी बदललेली असते. असं कार्ड सीएसएम बंद केलं की डिस्प्लेच देत नाही, ड्रायव्हरही धड बसत नाही. बूट स्लो, मधेच काळी स्क्रीन, असं चालतं. त्याला मूळ बायोस परत घालावी लागते आणि ते घरी बसून पहिल्यांदा करायचं काम नाही. तुमचं कार्ड नवं, सीलबंद, त्यामुळे सोडून द्या.

दुसरा आकडा मोठा असेल, म्हणजे लोगो पटकन येतो पण ठिपके फिरतच राहतात, तर ड्रायव्हर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स परफॉर्मन्स, ऑपरेशनल असं आत आत जा. तिथे १०० नंबरच्या इव्हेंटमध्ये बूटला लागलेला एकूण वेळ मिलिसेकंदात असतो, ९८००० म्हणजे ९८ सेकंद. खरी मजा पुढच्या नंबरांत, १०१ म्हणजे एखाद्या ॲपने उशीर केला, १०२ म्हणजे ड्रायव्हरने, १०३ म्हणजे सर्व्हिसने, आणि नावासकट लिहिलेलं असतं. कार्ड बसवलेल्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे इव्हेंट शेजारी ठेवून बघा, जे नाव नंतरच दिसायला लागलंय ते धरा.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर संशयित वाटला तर आधी नवीन ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवा, मग इंटरनेटची वायर काढा, शिफ्ट धरून रीस्टार्ट करून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोडमध्ये जा, आणि डीडीयू ह्या ड्रायव्हर पुसायच्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर मुळापासून काढा. नेट काढायचं विसरलात तर तुम्ही काढताय तोवर विंडोज मागून दुसरा बसवतंय असा खेळ होतो. नंतर एएमडीच्या इन्स्टॉलरमध्ये फुल, मिनिमल आणि ड्रायव्हर ओन्ली असे पर्याय येतात, टेस्टसाठी ड्रायव्हर ओन्ली निवडा. त्याने बूट झटपट झालं तर अडचण ड्रायव्हरची नव्हती, सोबत येणाऱ्या पसाऱ्याची होती.

तिसऱ्या आकड्याबद्दल फार बोलत नाही. कार्डाबरोबर आलेलं लाईटचं सॉफ्टवेअर, ओव्हरक्लॉकचं सॉफ्टवेअर, चार गेमचे लाँचर, सगळे एकदम धावतात. टास्क मॅनेजरमधून डिसेबल करा, काही बिघडत नाही.

राहिला एसएमपीएस. आरएक्स ६६०० ला साधारण १३२ वॅट लागतात, तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस असेल तर आरामात चालतं. पॉवर कमी पडली तर पीसी गेम खेळताना अचानक बंद होतो, रीस्टार्ट होतो, किंवा चालू होताना पंखे फिरून बंद पडून परत फिरतात. तुमच्या व्हिडिओत तसं दोनदा चालू-बंद दिसलं तर माझं मत बदलेल. नुसता उशीर, बाकी गेम तासभर व्यवस्थित, ह्याला एसएमपीएस जबाबदार असल्याचं मी तरी फारसं बघितलेलं नाही. अर्थात आत नाव-गाव नसलेला, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला डबा असेल तर तो बदलाच, बूटसाठी नाही, कार्ड वाचावं म्हणून.

तर तुम्ही आज रात्री एवढंच करा. व्हिडिओ काढून तीन आकडे, नम लॉकची टेस्ट, दोन्ही साटा केबली काढून परत बसवणं, आणि सिस्टिम इन्फर्मेशनमधला बायोस मोड. अर्ध्या तासाचं काम आहे, स्क्रूड्रायव्हर सोडून काही लागत नाही. केबली बसवल्यावर परत एकदा व्हिडिओ काढा आणि दोन्ही वेळचे आकडे, लास्ट बायोस टाइम आणि कार्डाच्या टोकाशी साटा पोर्टांचा एक फोटो पाठवा. लेगसी निघालं तर कन्व्हर्ट करायच्या आधी डिस्क मॅनेजमेंटचा फोटो मला दाखवा, तोवर त्या टूलचं कन्व्हर्ट दाबू नका.